वाटाण्याची डाळ आणि वाशीम भागातील आहार : एक ऐतिहासिक विचार

ज्या अन्नावर एखादा प्रदेश शतकानुशतके जगला, त्या अन्नाचा उल्लेख त्या प्रदेशाच्या लिखित साधनांत सर्वांत कमी आढळावा, हा वऱ्हाडच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास नित्य येणारा अनुभव होय. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती, आणि १९३९ साली उजेडात आलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे त्या शाखेच्या इतिहासाला निश्चित आधार मिळाला. परंतु ताम्रपट भूमिदानाविषयी व करमाफीविषयी बोलतो. दान घेणाऱ्याच्या चुलीवर काय शिजत होते, याविषयी तो मौन पाळतो. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये बाशीमची नोंद केली, ती वसुलाच्या आकड्यांसाठी. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यावर कागदपत्रांचा पूर लोटला खरा, परंतु त्या कागदपत्रांचे लक्ष प्रथम कापसाकडे, नंतर ज्वारीकडे, आणि उरलेच तर डाळींकडे गेले. दोन पिकांच्या मधल्या तासांत वाढणारे धान्य दप्तराच्या रकान्यांतही बहुधा मध्येच कोठेतरी हरवते.

हिरव्या वाटाण्याची डाळ या विषयाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वाटाणा वाळवून, त्याचे टरफल काढून, दोन दले वेगळी केली म्हणजे ही डाळ तयार होते. उत्तर युरोपात व ब्रिटनमध्ये तिचे दाट सार हे शतकानुशतके सामान्य माणसाचे अन्न होते. वाशीम भागात मात्र ती रोजच्या जेवणातील डाळ कधीच झाली नाही. वाटाणा या भूमीला सर्वस्वी अपरिचित होता असेही नाही. मग ही डाळ येथे रुजली का नाही, आणि जिने तिची जागा अडविली होती ती तूर घरातून मागे सरू लागल्यावर काय घडते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याचा संबंध या जिल्ह्यातील शेतकरी व शेतमजूर कुटुंबांच्या पोषणाशी थेट पोहोचतो.

आरंभीच एक शब्दाची अडचण दूर केली पाहिजे. संस्कृत ग्रंथांत वाटाण्यासाठी सामान्यतः ‘कलाय’ व ‘सतीन’ हे शब्द येतात, आणि आयुर्वेदाने कलाय वातकारक मानला आहे. परंतु ‘कलायखंज’ या नावाचा पांगळेपणाचा एक विकारही सुश्रुतसंहितेत नमूद आहे. आणि असा पांगळेपणा वाटाण्याने येत नाही, तो लाखेच्या, म्हणजे लाखोळीच्या डाळीच्या दीर्घ व एकांगी सेवनाने येतो. अबुल फजलने बिहार सुभ्याच्या वर्णनात वाटाण्यासारखे दिसणारे, गरिबांच्या खाण्यातील, पण अपायकारक असे एक कडधान्य सांगितले आहे, ते हेच. स्लीमनने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सागर भागातील अशाच पांगळ्यांचे वर्णन केले. लागोपाठ पिके बुडाल्यामुळे लोकांवर केवळ लाखेवर जगण्याची पाळी आली होती. पूर्व विदर्भात, भंडारा-चांद्याकडील धानाच्या बांध्यांत, लाखोळी उभ्या धानात टाकून घेण्याची रीत जुनी आहे. १९६१ साली तिच्या विक्रीवर कायद्याने बंदी आली. पश्चिमेकडील वाशीमच्या ज्वारी-कापसाच्या मुलखात तिला तसे स्थान नव्हते. तात्पर्य, जुन्या ग्रंथात ‘कलाय’ शब्द दिसला की तो वाटाणाच, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. वाटाण्यावर आलेला अपथ्याचा ठपका काही अंशी त्याच्या या सोयऱ्याच्या नावावर मांडला गेला पाहिजे.

पुरातत्त्वाची साक्ष अधिक स्पष्ट आहे. वाटाणा मूळचा पश्चिम आशियातील. गहू, जव व मसूर यांच्याबरोबर तो माणसाच्या शेतात आला आणि त्यांच्याबरोबरच भारतात उतरला. नर्मदेच्या काठी महेश्वरसमोर नावडातोली येथे डेक्कन कॉलेजने डॉ. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५२-५३ व १९५७-५९ या वर्षांत जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन थरांतून गहू, मसूर, उडीद, मूग यांच्याबरोबर वाटाणा व लाख यांचेही जळके दाणे मिळाले. याउलट तूर ही या देशाचीच. तिचे वन्य आप्त ओरिसा व मध्य भारतातील डोंगरांत आजही आढळतात, आणि तिच्या अगदी जुन्या अवशेषांच्या यादीत अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी या स्थळाचे नाव येते. म्हणजे वऱ्हाडात तुरीची वस्ती तीन हजार वर्षांच्या आसपासची तरी आहे. वाटाणाही त्या काळी फार दूर नव्हता. तेव्हा त्याचे न रुजणे हे अज्ञानाचे फळ नसून निवडीचे फळ होते, असे म्हणण्यास जागा आहे.

ही निवड प्रथम शेताने केली. वाशीम जिल्हा पूर्णेच्या सखल खोऱ्याच्या दक्षिणेस, उंच पठारावर आहे. रिसोड-वाशीमकडील पाणी पैनगंगेला मिळते. जमीन काळी, परंतु खोली सर्वत्र सारखी नाही; माळावर ती वीतभर, तर नदीकाठी पुरुषभर. पाऊस जवळजवळ सर्व नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. अशा जमिनीत वाटाणा घ्यावयाचा तर तो हिवाळी पीक म्हणून, जमिनीतील उरल्या ओलीवर घ्यावा लागतो. त्याची मुळे उथळ. फुलोऱ्याच्या वेळी ऊन वाढले तर शेंग भरत नाही. त्याच ओलीवर हरभरा अधिक खोल जाऊन तग धरतो. विहिरीचे पाणी ज्याच्याजवळ आहे त्याने वाटाण्याचा एखादा वाफा केला, तर तो हिरव्या शेंगांसाठी, बाजाराच्या भाजीसाठी. वाळवून डाळ करण्याइतका वाटाणा त्याच्या हाती उरत नसे.

तुरीची गोष्ट निराळी. ती मृगात ज्वारीबरोबर किंवा कपाशीबरोबर पेरली जाते. ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीचे एक तास, अशी जुनी पद्धत. पावसाळाभर ती दबून राहते; ज्वारी निघाली की मोकळी होते, आणि खोल गेलेल्या मुळांच्या बळावर पौष-माघात तयार होते. तिच्यासाठी वेगळे शेत लागत नाही, वेगळी नांगरट लागत नाही. तिची पाने गळून जमिनीस मिळतात, मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरून ठेवतात, आणि झोडून झाल्यावर उरलेल्या तुराट्या चुलीला, टोपल्यांना व घराच्या कुडाला उपयोगी पडतात. वाटाण्याच्या वेलातून यांपैकी बहुतेक काही मिळत नाही. १८६० नंतर अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव चढला, लोहमार्ग आला, आणि वऱ्हाड कापसाचा मुलूख झाला. तरीही कपाशीच्या ओळींमधून तुरीचे तास हटले नाहीत. नगदी पिकाच्या शेतात घरच्या डाळीचे आरक्षण असावे, तशी ही व्यवस्था होती. ताटात भाकरी व वरण एकत्र येण्यापूर्वी ते शेतातच एकत्र आलेले होते. ही गोष्ट आहाराच्या इतिहासात फार महत्त्वाची आहे, कारण अशा घरात डाळ विकत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

स्वयंपाकघराने या निवडीस दुजोरा दिला. वर्षाचे चक्र पाहिले तर डाळींचा क्रम ऋतूंप्रमाणे लागलेला दिसतो. भाद्रपदाच्या सुमारास मूग व उडीद हाती येतात. नव्या मुगाच्या शेंगा उकडून खाणे आणि उडदाचे वरण भाकरीशी खाणे हे त्या दिवसांचे. मार्गशीर्षापासून तुरीच्या ओल्या शेंगा येतात. मीठ घालून उकडलेल्या शेंगांभोवती घरातील सर्व मंडळी बसणे हा हिवाळ्यातील एक लहानसा उत्सवच असतो. ओले दाणे म्हणजे सोले. सोल्यांची भाजी, सोलेभात, वाटून केलेली आमटी, असे प्रकार महिना-दीड महिना चालतात. पश्चिम महाराष्ट्रातील शहरी घरांत ओल्या वाटाण्याने जे काम केले, ते येथे तुरीच्या सोल्यांनी केले आहे. पुढे हरभऱ्याचे घाटे व हुळा येतो, आणि चैत्रापासून वाळलेल्या डाळींचे राज्य सुरू होते. मग रोजचे तुरीचे वरण. आंबटचुका किंवा पालक घातलेली डाळभाजी. भाजी नसेल त्या दिवशी हरभऱ्याच्या पिठाचे चून. पाहुणा आला तर पातोडीचा रस्सा. देवाच्या नावाने गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजले जातात, तेव्हा त्यांच्याबरोबर तुरीचे घट्ट वरण व वांग्याची भाजी हवीच. तेथे दुसरी कोणतीही डाळ चालवून घेतली जात नाही. ज्या अन्नाला देवाच्या पंक्तीत स्थान मिळते, ते सहसा सहज हलत नाही.

तुरीच्या बाबतीत एक कष्ट मात्र मोठा होता, तो डाळ करण्याचा. तुरीचे टरफल दाण्याला चिकट द्रवाने घट्ट चिकटलेले असते. म्हणून तुरीला तेलाचा व पाण्याचा हात लावून, ढीग झाकून ठेवून, पुन्हा उन्हात वाळवून मग ती जात्यावर भरडावी लागे. भरडून पाखडणे, पुन्हा भरडणे, चुणी जनावरांना, असे हे काम उन्हाळ्यात कित्येक दिवस चाले, आणि ते सर्वस्वी स्त्रियांच्या अंगावर असे. वाटाणा या बाबतीत पुष्कळ सोपा आहे. वाळल्यावर त्याचे टरफल सहज सुटते आणि दले आपोआप वेगळी होतात. निवड स्त्रियांच्या सोयीने झाली असती तर निकाल कदाचित वेगळा लागता. अकोला हे पुढे डाळ गिरण्यांचे मोठे केंद्र झाले आणि जाते मागे पडले. १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने खेड्यात चालेल अशी लहान डाळगिरणीही तयार केली. परंतु गिरणी शहरात गेली, तेव्हा तिच्याबरोबर तूरही गेली, आणि शेतकरी आपलीच डाळ पुडीतून परत आणू लागला, हेही नोंदविले पाहिजे.

डाळीचे पोषणमूल्य हा शास्त्राचा विषय होण्यापूर्वी तो दुष्काळी कारभाराचा वादविषय झाला होता. १८७७ मध्ये मद्रास इलाख्यातील दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरील मजुरास दिवसाला सुमारे एक पौंड धान्य व वर थोडी रोकड पुरेशी आहे असे ठरविले. हेच टेंपल पूर्वी मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त व हैदराबादचे रेसिडेंट होते, म्हणजे वऱ्हाडच्या कारभाराशीही त्यांचा संबंध आलेला होता. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या शिध्यास कडाडून विरोध केला. अंगमेहनत करणाऱ्याला नुसते धान्य पुरत नाही, नत्रयुक्त अन्न, म्हणजे डाळ, हवी, असा त्यांचा मुद्दा होता. पुढील दुष्काळ-संहितांच्या शिध्यात डाळीला स्थान मिळाले. वऱ्हाडवर खरी आपत्ती कोसळली ती १८९९-१९०० साली. १९०१ च्या जनगणनेत तत्कालीन बाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ३,५३,४१० भरली. दहा वर्षांत ती सुमारे ११ टक्क्यांनी घटली होती. पुढे १९०५ साली हा जिल्हाच मोडून अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत विलीन करण्यात आला, आणि १९९८ च्या १ जुलैला तो वाशीम या नावाने पुन्हा अस्तित्वात आला.

डाळ का हवी, याचे सविस्तर उत्तर विसाव्या शतकात मिळाले. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. आयक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले. ती संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली, आणि तेथेच डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी ज्वारी खाणाऱ्या दख्खनी लोकांतील पेलाग्रा या रोगाचा अभ्यास करून १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसीनच्या आधिक्याशी जोडला. वाशीमच्या ताटाचा विचार याच संदर्भात केला पाहिजे. ज्वारीत शंभर ग्रॅमला सुमारे १०.४ ग्रॅम प्रथिने असतात. परंतु त्या प्रथिनांत लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल फार थोडे, शंभर ग्रॅम प्रथिनात सुमारे दोनच ग्रॅम. कडधान्यांत तेच सातच्या आसपास असते. उलट कडधान्यांत मेथिओनीन कमी, ते धान्यातून मिळते. एकाची उणीव दुसरे भरून काढते. भाकरी व वरण यांची जोडी चवीने जमली की अनुभवाने, हे सांगता येत नाही. पण ती शास्त्राच्या कसोटीस उतरते.

या कसोटीवर वाटाण्याची डाळ कमी ठरते काय? हैदराबादच्या १९७१ च्या कोष्टकांनुसार तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला २२.३, हरभऱ्याच्या डाळीत २०.८, मुगाच्या डाळीत २४.५, उडदाच्या डाळीत २४ आणि वाळलेल्या वाटाण्यात १९.७ ग्रॅम प्रथिने आहेत. दिवसाला पन्नास ग्रॅम डाळ धरली तर तुरीतून सुमारे अकरा आणि वाटाण्यातून सुमारे दहा ग्रॅम प्रथिने मिळतील. हा फरक नगण्य आहे. शिवाय वाटाण्याचा आकडा टरफलासह दाण्याचा असल्याने सोललेल्या डाळीत प्रमाण किंचित वाढलेच पाहिजे. लायसीन दोहोंत भरपूर. लोह दोहोंतही असते. स्निग्धांश दोहोंतही अत्यल्प. वाळल्या दाण्यात क जीवनसत्त्व नसते. सबंध वाटाण्याला मोड आणून ते काही प्रमाणात मिळविता येते, परंतु डाळ झाल्यावर अंकुरच निघून जात असल्याने तो मार्ग बंद होतो. म्हणून या डाळीत चिंच, आंबटचुका किंवा लिंबू यांची जोड देणे केवळ रुचीसाठी नाही. आंबटाच्या सान्निध्यात वनस्पतिजन्य लोह शरीरात अधिक शोषले जाते. अर्थात लिंबू पिळावयाचे ते वाढताना, कारण उकळण्याने त्यातील क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते.

ती शिजविण्याची रीत तुरीच्या वरणाहून फार निराळी नाही. डाळ निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, अर्धा-पाऊण तास भिजत घालावी. सबंध वाटाण्यासारखी रात्रभर भिजविण्याची गरज नाही. पाणी मऊ असावे. बेसाल्टच्या खडकातील काही विहिरींच्या जड पाण्यात कोणतीही डाळ नीट शिजत नाही, म्हणूनच खेड्यांतून स्वयंपाकाचे पाणी ठरावीक विहिरीचे आणले जाई. आंबट पदार्थ आधी घातला तर दाणा आवळतो. तो डाळ पूर्ण शिजल्यावर घालावा, हा अनुभवी गृहिणींचा नियम बरोबर आहे. लवकर शिजावी म्हणून सोडा टाकण्याची सवय मात्र त्याज्य, कारण त्याने ब१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. हळद व हिंग घालून शिजलेली डाळ रवीने घोटली की ती तुरीहून अधिक एकजीव होते, आणि निवल्यावर इतकी दाटते की पुन्हा पाणी घालून उकळी द्यावी लागते. तिचा हिरवा रंग शिजताना मावळून शेवाळी होतो. चव गोडसर. या गोडसरपणामुळेच ज्वारीची भाकरी व ठेचा यांच्या सवयीच्या जिभेला ती नुसती पुरत नाही. लसूण, जिरे व लाल मिरचीची खमंग फोडणी आणि चिंचेचा कोळ यांनी ती जमते. पालक घालून केलेल्या डाळभाजीत तुरीबरोबर निम्मी मिसळली तर फरक सहसा ओळखू येत नाही.

हे सर्व मान्य केले तरी मूळ प्रश्न उरतो. देशात दरडोई रोजची डाळींची उपलब्धता १९६१ साली ६९ ग्रॅम होती. १९७१ साली ती ५१.२ वर, १९८१ साली ३७.५ वर आणि २००१ साली ३० ग्रॅमवर आली. पुढे ती काहीशी सावरली, २०११ साली ४३ ग्रॅम झाली, परंतु पूर्वीची पातळी तिने गाठली नाही. वाशीम भागात या घसरणीस एक स्थानिक कारण जोडले गेले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून सोयाबीनने खरिपाची शेते व्यापली. ज्वारी गेली, मूग व उडीद, जे त्याच हंगामात त्याच जमिनीवर येत, ते आक्रसले. तूर सोयाबीनमधील तासांत टिकली, पण आता ती बहुतांशी बाजारासाठी. यातील विसंगती लक्षणीय आहे : सोयाबीनमध्ये प्रथिने सुमारे चाळीस टक्के, म्हणजे कोणत्याही डाळीच्या जवळजवळ दुप्पट; तरीही ती वाशीमच्या चुलीवर डाळ म्हणून चढत नाही. तिचे तेल शहरात आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी जाते. प्रथिनांनी इतका समृद्ध असा मुलूख आपली प्रथिने दुकानातून आणतो.

आणि दुकानात वाटाणा वाट पाहत असतो. कॅनडातून येणारा पिवळा वाटाणा अनेक वर्षे भारताच्या बंदरांत उतरत आला आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावर ५० टक्के आयातशुल्क बसविण्यात आले. डिसेंबर २०२३ मध्ये डाळींचे भाव चढल्यावर ते शुल्क उठविण्यात आले. २०१५ साली तुरीच्या डाळीचा किरकोळ भाव शहरांतून किलोला दोनशे रुपयांच्या आसपास पोहोचला, तेव्हा स्वस्त वाटाण्याच्या डाळीची आठवण सर्वांना झाली. हरभऱ्याच्या पिठात वाटाण्याचे पीठ मिसळण्याची भेसळ तर त्याहून जुनी. म्हणजे ज्या धान्याला येथील शेताने नाकारले, ते धान्य कधी उघडपणे, कधी दुसऱ्याच्या नावाने, या भागाच्या ताटात बदलीदार म्हणून येत राहिले आहे. पोषणाच्या दृष्टीने या बदलीदारावर आक्षेप घेण्यास फारसे कारण नाही, हे वर दाखविलेच. आक्षेप असलाच तर तो त्याच्या येण्याच्या वाटेवर आहे. तुरीचे तास दुष्काळातही काहीतरी देत, आणि जे देत ते घरात राही. बंदरावरील वाटाणा पैसे असणाऱ्याकडेच पोहोचतो, आणि ज्या वर्षी शेत बुडते त्याच वर्षी शेतमजुराजवळ पैसे नसतात.

यापुढील संशोधनास एक अडचण आडवी येते, ती साधनांची. तलाठ्याच्या गाव नमुना बारामध्ये मिश्रपिकांसाठी रकाने आहेत, आणि सोयाबीनमधील तुरीचे क्षेत्र त्यांत नोंदले जाते. झोडलेल्या तुरीपैकी किती पोती बाजार समितीत गेली याचीही पावती असते. घरच्या कणगीत किती पायली उरली, आणि ती कोणत्या महिन्यात संपली, यासाठी कोणत्याच दप्तरात रकाना नाही. ती माहिती आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या, स्वतः जात्यावर तूर भरडलेल्या मालेगाव, मानोरा, मंगरूळपीर, कारंजा येथील स्त्रियांच्या आठवणीतच तेवढी शिल्लक आहे.